बंडप्पाचं खाजण

तामलवाडीत समुद्र कुणी पाहिलेला नव्हता. गावाला पाणी ठाऊक होतं ते आडाच्या तळाशी असलेलं, काळं, ओंजळीएवढं आभाळ धरून बसलेलं. अशा गावात बंडप्पा मिरचीवाल्यानं एके सकाळी दुकानाच्या ओट्यावर बसून जाहीर केलं, की रत्नागिरीच्या अंगाला, ऐन दर्याच्या काठी, आपण खाजण घेतलं.

ओट्यावर नेहमीची माणसं होती. खाजण म्हणजे काय, हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं. पण विचारायचं कुणी? गावात अडाणीपणा चालतो, मात्र तो आधी दुसऱ्यानं कबूल करावा लागतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. शेजारच्या वाड्यातला ज्ञानोबा, ज्याची ज्वारी बंडप्पाच्याच काट्यावर मोजली जाई, तो तर मांडीवर थाप मारून म्हणाला, "खाजण घेतलं व्हय! मग झ्याक काम केलं, आप्पा."

गंमत अशी, की खाजण म्हणजे काय हे त्या सकाळी खुद्द बंडप्पालाही ठाऊक नव्हतं.

लढाईचे दिवस होते. निजाम सरकारचे लोक सक्तीच्या लेव्हीची ज्वारी खळ्यावरूनच उचलून नेत. मिरचीकडे मात्र सरकारनं कधी वाकड्या डोळ्यानं पाहिलं नाही. तिखटाला सगळीच राज्यं भितात. त्यामुळे बंडप्पाची पोती नाक्यावर करोडगिरीची जकात भरून सोलापुरात जात आणि तिथून कोल्हापूर करत घाट उतरून कोकणात पोचत. सोलापूरच्या पेढीवर एकदा एक आडत्या पान लावता लावता बोलून गेला होता, "आमची थोडी जागा आहे समुद्राकाठी." बस, एवढंच. पण त्यानंतर पेढीवरचा मुनीम त्या आडत्याशी मऊ आवाजात बोलू लागला आणि बंडप्पाच्या पाठीचा तक्क्या काढून त्यानं आडत्याच्या पाठीशी दिला. तो गेलेला तक्क्या बंडप्पाच्या मनात रुतून बसला. सोनं दाखवावं लागतं, शेत कसावं लागतं, पण समुद्राकाठची जागा नुसती बोलली तरी पुरते, हे त्याला कळलं.

पुढच्या खेपेला त्यानं कोकणात ओळख काढली. एक खोत त्याला टेकाडावर, काजूच्या झाडाखाली घेऊन गेला आणि खाली बोट दाखवून म्हणाला, "हे आमचं खाजण. खाडीच्या तोंडापासून त्या खडकापर्यंत."

बंडप्पा बघत राहिला. खाली जमीन पसरली होती. सपाट. ओली. आणि काळी! रानातले दगड वेचता वेचता ज्या मुलखातल्या माणसाचे हात कातडं सोडतात, त्यानं अशी काळी पाहिली, आणि तीही एका खड्याशिवाय, की त्याची अक्कल जागेवरच बसते. वर टेकाडावर हे कोकणे लाल मुरमात नाचणी पेरत होते आणि खाली असलं लोण्यासारखं रान पडीक ठेवून त्यात बगळे चारत होते. खुळी माणसं, बंडप्पाच्या मनात आलं. समुद्र त्या वेळी घरी नव्हता. तो दूर, खडकाच्या पलीकडे, पांढऱ्या रेघेएवढा दिसत होता.

खोत सरळ माणूस होता. तो म्हणाला, "खाजण आहे हो. नीट बघून घ्या. मागाहून बोल नको."

इथं बंडप्पानं विचारायला हवं होतं. पण घेणारा अडाणी दिसला की भाव चढतो, हा धडा तो आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवत आला होता. तो छाती काढून म्हणाला, "खाजण काय आमाला नवीन न्हाय, खोतसाहेब. आमच्याकडंबी लई खाजणं हायत."

"तुमच्याकडे? मोंगलाईत?"

"गावोगाव."

खोतानं त्याच्याकडे पाहिलं आणि विषय सोडला. ज्याला सगळं ठाऊक आहे त्याला सांगणार काय?

खाजणासाठी बंडप्पानं मळा विकला. तो मळा त्याच्या बायकोला, पार्वतम्माला, बापानं चोळीबांगडीसाठी म्हणून दिलेला होता. विहिरीखालचा मळा, बांधाला लिंबाची झाडं. विकायच्या दिवशी पार्वतम्मा फक्त एकदा जाऊन विहिरीत डोकावून आली.

वैशाखात बंडप्पा मालक म्हणून खाजण बघायला गेला. कापूस लावावा की हरभरा, एवढाच प्रश्न मनात होता. काजूच्या झाडाखाली उभं राहून त्यानं नजर टाकली. खाली पाणी होतं. खाडीच्या तोंडापासून त्या खडकापर्यंत नुसतं पाणी, उन्हात चकाकणारं, आणि त्यावर एक होडी निवांत चालली होती. त्याच्या काळ्या रानावरून होडी चालली होती.

"पूर आला का हो, खोतसाहेब?"

"पूर? भरती आहे."

"कवा उतरंल?"

"उतरेल की संध्याकाळपर्यंत. मग पुन्हा चढेल. दिवसातून दोनदा यायचंच ते."

"आन माजी जमीन?"

"आहे ना. खाली आहे." खोतानं अगदी समजुतीनं सांगितलं, "खाजण म्हणजे हेच. बांध घालून दर्या बाहेर ठेवलात, पावसानं मीठ धुऊन निघालं, तर पुढेमागे भात होतो. नातवंडं खातात. पण तुमच्याकडे गावोगाव आहेत म्हणालात, म्हणून मी बोललो नाही."

बंडप्पाला मूलबाळ नव्हतं.

परतीच्या वाटेवर मोटार घाट चढत होती तेव्हा तो मनाशी वाक्यं जुळवत होता. घरी पोचला. पार्वतम्मानं पाय धुवायला पाणी दिलं आणि विचारलं, "अवो, काय पिकतंय त्या खाजणात?"

"तिथं पीक घेत न्हाईत," बंडप्पा म्हणाला. "तिथं हवा घ्यायची असती."

पार्वतम्मानं तांब्या खाली ठेवला. "म्हंजे माज्या बापाची हीर इकून वारा आणला तुमी."

त्या दिवसापासून जेवताना तो "जरा वारा घाल गं" म्हणाला, की ती पदर आवरून सरळ आत निघून जाई.

आता माणूस इथं थांबला असता. पण खोट्याचं असं असतं, की ते उभं राहू शकत नाही, त्याला सारखं चालतं ठेवावं लागतं. मठातले पंचाक्षरी स्वामी भिक्षेला आले. त्यांनी विचारलं, "खाजणात नारळाची बाग असती का रे, बंडप्पा?" तो म्हणाला, "असतीच की, स्वामी." झालं, खाजणात नारळ उगवले. ज्ञानोबाची बायको कस्तुराबाई दम्यानं हैराण असे. तिला त्यानं सांगितलं की तिथली हवा औषधी. कुणी विचारलं, राहायचं कुठं? मग ओसरी आली, तिला झोपाळा आला. लेव्हीच्या वेळी महसूल खात्याचा गिर्दावर गावात आला आणि बंडप्पा म्हणाला, "हुजूर, आमची जायदाद दर्याकिनारी," तेव्हा गिर्दावरानं त्याला आपल्यासमोर खुर्चीवर बसवलं. ज्वारी नेली ती नेलीच. पण खुर्चीवर बसलेल्या माणसाची नेली.

शब्द गावात रुळला. कुणाची म्हैस भरपूर दूध देऊ लागली की लोक म्हणत, म्हस हाय का खाजण! एखादीला चांगलं सासर मिळालं की म्हणत, पोर खाजणात पडली. आणि दिवसभर पारावर लोळणाऱ्या नवऱ्याला बाई म्हणे, "उठा आता, खाजणाचं मालक!" असं काही कानावर आलं की बंडप्पाला आत ऊब वाटे, आणि त्या उबेखाली कुठंतरी गार पाणी चढत जाई.

सगळ्यांत स्वस्त होतं आमंत्रण. ते तो रोज देई. "काय बी होऊ द्या. येळ आली तर समदं गाव चला माज्या खाजणावर."

वेळ आली.

इंग्रज गेले. निजामाचं राज्य मात्र हटून बसलं. रझाकारांची टोळकी रस्त्यानं फिरू लागली. ज्ञानोबाचा मुलगा निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात जाऊन मिळाला होता. एक दिवस रझाकारांची माणसं आली आणि त्याचं घर विचारून गेली. घर विचारून जाणं याचा अर्थ त्या दिवसांत शेंबड्या पोरालाही कळत असे. ज्ञानोबाच्या बार्शीकडच्या मेव्हण्यानं, कस्तुराबाईच्या भावानं, निरोप धाडला, की ताबडतोब निघून या, गोठा मोकळा करून ठेवलाय.

दुसऱ्या दिवशी ज्ञानोबा कस्तुराबाईला आणि एक वळकटी घेऊन बंडप्पाच्या दारात उभा राहिला.

"मेव्हण्याला कळवलं, तुज्या गोठ्यात ऱ्हायाला आमी काय जनावरं न्हाय. आमच्या आप्पाचं खाजण हाय म्हनलं."

बंडप्पाच्या तोंडचं पाणी पळालं. "मेव्हण्याला न्हाय म्हनलात?"

"निरोप्याच्या तोंडावर. मेव्हणा लई फुगंल. आता त्याचा उंबरा आमाला बंद झाला समजा."

"पर ज्ञानोबा, तिथं सोय न्हाय."

"ओसरी हाय की."

"जुनी झाली ती."

"नारळाखाली ऱ्हाऊ."

"हवा दमट. वैनींना सोसायची न्हाय."

"आता काय बोलावं! तुमीच म्हनला होतात, आप्पा, दम्याला ती हवा औषध हाय म्हणून." ज्ञानोबानं हात जोडले. "आमाला ओझं समजू नका. पोटापुरतं राबू. पर आज घेऊन चला. आज न्हाय निघालो तर मला धरून नेतील."

त्या जोडलेल्या हातांकडे बघून बंडप्पानं खरं सांगायला तोंड उघडलं. बाहेर आलं ते असं: "चला. खाजण काय माज्या एकट्याचं हाय?"

आतून पार्वतम्मा गाठोडं बांधून बाहेर आली. "मी बी येती," ती म्हणाली. "बापाचा मळा कुठं गेला ते तरी बघते."

सोलापुरात धर्मशाळा माणसांनी भरल्या होत्या. नळदुर्गाकडची, तुळजापूरकडची, सगळी घरदार टाकून आलेली. इथंच राहू, असं सुचवायची बंडप्पाला संधी होती. पण तो सुचवायच्या आत ज्ञानोबा शेजारच्या कुटुंबाला सांगत होता, "न्हाय, न्हाय. आमी कुठं इथं? आमी खाजणाला चाललो." शेजारच्यानं सरकून त्याला बसायला सतरंजी दिली. ज्ञानोबानं ती घेतली आणि त्याची पाठ, जी गाव सोडल्यापासून वाकलेली होती, ती सरळ झाली. बंडप्पानं ते पाहिलं आणि तो पुढच्या गाडीची चौकशी करायला उठला. कुर्डुवाडीला गाडी बदलताना तो बोलणार होता. मिरजेला बोलणार होता. घाटात कस्तुराबाईला मोटार लागली, तेव्हा तर बोलण्याची सोयच नव्हती.

ते काजूच्या झाडाखाली पोचले तेव्हा भरती होती.

कस्तुराबाईनं आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. तिनं पदराच्या गाठीतलं हळदकुंकू काढून वाऱ्यावर सोडलं आणि हात जोडले. ज्ञानोबानं दम घेतला, चहूकडे पाहिलं आणि उत्साहानं विचारलं, "हां आप्पा! आता तुमचं खाजण कुठं?"

"हे काय."

"कुठं?"

"हे म्होरं."

"हे तर पाणी हाय."

"त्याच्या खाली हाय."

लाटा बोलत होत्या, एकच गोष्ट, पुन्हा पुन्हा. मग पार्वतम्मा हसायला लागली. आधी पदरात, मग उघड, मग खाली बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "बाई गं," ती म्हणाली, "माज्या बापाच्या हिरीला एवढं पाणी लागंल असं वाटलं नव्हतं!"

ज्ञानोबा हसला नाही. तो तिथंच उकिडवा बसून राहिला. पाणी उतरलं, काळं रान उघडं पडू लागलं, तसं त्याच्या तोंडावर जरा आशा आली. बंडप्पालाही एकदा अशीच आली होती; ती त्यानं ओळखली. ज्ञानोबा टेकाड उतरून खाली गेला आणि पहिल्याच पावलाला गुडघ्यापर्यंत रुतला. त्यानं मूठभर काळी उचलली, हुंगली, जिभेला लावली आणि थुंकला. खेकडे त्याच्या पायांभोवती तिरके धावत होते.

वर आला तो मूठ तशीच घेऊन. ती त्यानं बंडप्पाच्या पांढऱ्या सदऱ्यावर, बरोबर छातीवर मारली.

"तुमच्या शब्दावर मेव्हणा तोडला म्या."

"ज्ञानोबा, म्या सांगणार होतो—"

"कवा? बुडल्यावर?"

त्या चिखलाला कुजक्या शिंपल्यांचा वास होता. बंडप्पानं तो पुसला नाही. एवढी अक्कल त्याला होती.

खोतानं पडवी दिली. त्याच्या बदल्यात त्याच्या भातखाचराच्या बांधावर काम. दोघं पुरुष पाट्या भरभरून चिखल वाहू लागले. दुसऱ्याच्या जमिनीतून समुद्र हाकलू लागले. आयुष्यभर तराजूपलीकडे काही न उचललेल्या बंडप्पाच्या खांद्याची साल निघाली. सारा गाव मासळीच्या वासानं भरलेला. गळ्यात लिंग बांधलेल्या पार्वतम्मानं नाकाला पदर लावून कुळथाच्या पिठीवर दिवस काढले. कस्तुराबाईचा दमा दमट हवेत वाढला. ती रात्रंदिवस खोकत असे, आणि त्या खोकल्याला पडवीत कुणी औषध म्हटलं नाही. ज्ञानोबा बंडप्पाशी कामापुरतं बोलत होता. "धर." "टाक." "चल."

भाद्रपदात बातमी आली की हिंदुस्थानचं सैन्य हैदराबादेत शिरलं आणि निजाम शरण आला. चौघं निघाले.

वाटेत बंडप्पाच्या मनात एक चमत्कारिक गोष्ट घडली. त्याला हलकं वाटू लागलं. आता ज्ञानोबा ओट्यावर बसून सगळं सांगेल. लोक हसतील. पोरं मागे धावतील. चार महिने, सहा महिने, मग तेही विसरतील. आणि मग त्याला कधीच, कुणालाच, खाजणाबद्दल काही सांगावं लागणार नाही. मरायला टेकलेल्या माणसासारखा तो त्या हसण्याची वाट पाहू लागला.

गावात पोचले तर ओटा भरलेला. बार्शीहून मेव्हणाही आला होता, बहीण जिवंत आहे का ते पाहायला. पण ज्ञानोबाकडे बघताना त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात खवचट हसू होतं.

"काय दाजी," तो म्हणाला, "कसं काय हाय मग ते तुमचं खाजण? का नुसतंच आपलं?"

ज्ञानोबानं मेव्हण्याकडे पाहिलं. मग बंडप्पाकडे. बंडप्पानं डोळे मिटले.

"काय सांगावं," ज्ञानोबा म्हणाला. त्यानं पटका काढून मांडीवर ठेवला. "हिकडच्या टोकाला हुबं ऱ्हायलं तर तिकडचं टोक दिसत न्हाय."

"आन जमीन?"

"काळी. खडा म्हणून सापडायचा न्हाय. पाय ठेवला की आत जातो, अशी."

"पाणी?"

"पाण्याला तोटाच न्हाय. दिसातनं दोनदा आपसूक येतं. मोट न्हाय, बैल न्हाय."

ओट्यावरून एक उसासा गेला. मेव्हण्याच्या ओठाचा कोपरा जागेवर आला. कुणीतरी सरकून ज्ञानोबाला तक्क्या दिला, आणि सरकता सरकता बंडप्पा ओट्याच्या कडेला गेला.

"निम्मं आता माज्याकडं हाय," ज्ञानोबा तक्क्याला टेकत म्हणाला. "आप्पांनी दिलं. मोठ्या मनाचा माणूस."

बंडप्पाला आधी ऐकू आलं तेच खरं वाटेना. मग त्याचा अर्थ उमगला. आता हे दोन तोंडांनी वाढणार होतं. उद्या ज्ञानोबा नारळ मोजेल, परवा त्याचा मुलगा झोपाळ्याला साखळ्या करील, आणि आपण मेलो तरी खाजण मरणार नाही. तो उभा राहिला. इतकी वर्षं जे वाक्य त्याच्या घशात अडकलं होतं, ते अखेर बाहेर पडलं, आणि तेही ओरडून.

"खोटं हाय ते! खाजण म्हंजे चिखल हाय नुसता! समुद्राखालचा चिखल! म्या फसलो, मला कळलंच न्हवतं! नारळ न्हाईत, ओसरी न्हाय, कायबी न्हाय तिथं!"

मग मेव्हणाच पहिल्यांदा बोलला, सावकाश, माणसं ओळखणाऱ्याच्या आवाजात.

"इतकी वर्सं नारळ हुते. आता वाटणी द्यायची आली, तवा चिखल झाला व्हय, आप्पा?"

ओट्यावर हशा उठला. कुणी म्हणालं, लिंगायताच्या मुठीतनं मेल्यावर बी काय सुटायचं न्हाय. कुणी म्हणालं, बिचाऱ्या ज्ञानोबानं जिवावर उदार होऊन राखलं ते, आन हे बघा. बंडप्पानं मदतीसाठी पार्वतम्माकडे पाहिलं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"तू तरी सांग गं यांना!" तो म्हणाला. "तू बघितलंस ना?"

पार्वतम्मानं ओट्यावरल्या एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. मग ती कस्तुराबाईकडे वळली.

"कस्तुराबाई," ती म्हणाली, "ओसरीकडचं निम्मं तुमी घ्या. माज्या बापाचं हाय ते."

आणि चूल पेटवायला आत गेली.